आत्याच्या कोऱ्या चौकटी

त्या घरात संध्याकाळी सहाच्या पुढे प्रत्येक विनोदाला दोनदा हसलं जायचं. आधी दादा आणि वहिनी हसायचे. दादा म्हणजे निवृत्त लिफ्टमन. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेऊन आणलं, स्वतः कुठंच गेला नाही. त्याचं हसू पोटातून निघायचं आणि खुर्चीच्या पायांपर्यंत पोचायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, हसायची कमी आणि टाळ्या जास्त वाजवायची. दोघांचं हसून व्हायचं, दादा डोळे पुसायचा, वहिनी पुन्हा गंभीर तोंड करून टीव्हीकडे वळायची, आणि सगळं शांत झालं की कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून दुसरं हसू यायचं. खो-खो, मनापासून आणि अगदी एकटं. ते आत्याचं.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. दादाच्या मुलीनं तिला आत्या म्हणायला सुरुवात केली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, पण तोवर सगळी इमारत आत्या म्हणायला लागली होती. तिला ऐकू येत नाही. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर जी अक्षरं येतात, ती वाचून ती कार्यक्रम बघते. सहाचा कार्यक्रम थेट असतो, त्यामुळे पट्टी टाइप होऊन यायला सात सेकंद लागतात. म्हणून आत्या सात सेकंद उशिरा हसते.

सात म्हणजे सातच. न्यायाधीशबाईंचे ओठ हलले की आत्या स्टॉपवॉच दाबायची, पट्टी उमटली की थांबवायची. अदमासपंचे तिच्या रक्तात नव्हते.

हा सहाचा कार्यक्रम भांडणांचा. एक निवृत्त न्यायाधीशबाई उंच खुर्चीत बसणार, समोर दोन शेजारी उभे राहणार, आणि जिन्यात सायकल कुणी लावली किंवा कुणाच्या कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली यावर तासभर तोंडसुख घेणार. शेवटी बाई निकाल देणार, तो दोघांनाही पटणार नाही. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या जिन्यात, दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी याच निकालावर पुन्हा भांडण. ज्यानं कार्यक्रम बघितला नाही त्याला त्या दिवशी गावात मत नाही.

आत्याचे कान बाटल्यांनी खाल्ले. एकतीस वर्षं ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. पट्ट्यावरून बाटल्या धावत यायच्या, पाठीमागे पांढरा उजेड असलेली काच, आणि समोर स्टुलावर आत्या. तडा, बुडबुडा, वाकडी मान, जाड बूड, जे दिसेल ते डोळ्यांत तेल घालून हेरायचं आणि बाटली उचलून खालच्या पिंपात फेकायची. वीस मिनिटं झाली की डोळे बदलायचे, म्हणजे दुसरी तपासनीस बसायची. आत्या तोवर वहीत लिहायची. त्या खोलीत खडखडाट इतका की सगळ्याच बायका ओठ वाचून गप्पा मारायला शिकल्या. आत्या अजूनही समोरच्या माणसाचं बोलणं ओठांवरून वाचते, फक्त माणसानं तोंड तिच्याकडे ठेवायला हवं. कानात घालायचं यंत्र तिनं घेतलं होतं. ते शब्द सोडून बाकी सगळं मोठं करून देतं म्हणून कपाटाच्या खणात गेलं, ते आजही तिथंच आहे.

त्या वहीचं नाव दोषवही. वेळ, दोष, संख्या, एवढंच लिहायचं. चांगल्या बाटलीची नोंद नाही. आत्या नवीन होती तेव्हा तिनं एका पानावर 'बाकी सर्व बाटल्या उत्तम' असं लिहिलं, तर म्हातारा सुपरवायझर तिच्यावर खेकसला होता: "बाई, चांगल्याला शाई लागत नाही. चांगली बाटली आपली आपण पुढं जाते."

हे वाक्य आत्यानं इतकं मनावर घेतलं की कारखान्याबाहेरही सोडलं नाही. लग्न झालं होतं तिचं. नवऱ्याच्या नावानं दोन वर्षांत दोषवही इतकी भरली की वहीच बंद करावी लागली. मग ती एक खोली घेऊन एकटी राहिली, आणि बावीस वर्षांपूर्वी ती खोली पाडायला निघाली तेव्हा दादाकडे राहायला आली. तिथं वहिनीच्या हातचं जेवताना मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला जाहीर व्हायचं. नीट झालं तर आत्या गप्प जेवायची, ताट विसळायची आणि उठायची. पडदे वाकडे लटकले तर बोलायची, सरळ असले तर नाही. शेजारीण नवीन कपडे दाखवायला आली की आत्या एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "डावी बाही." शेजारीण पुढच्या वेळी वहिनी एकटी असताना यायची.

अशा बाईला कुणी मत विचारावं का? टीव्हीवाल्यांनी विचारलं.

एके दिवशी पट्टीवरच जाहिरात आली. 'आमची सबटायटल्स तुम्हाला कशी वाटतात? प्रेक्षक मंडळात सामील व्हा.' आत्यानं पत्ता कळवला. सहाच्या कार्यक्रमासाठी बारा प्रेक्षक निवडले गेले, त्यात ती. दर आठवड्याला एक फॉर्म यायचा. त्यावर पाच चौकटी: वेग, अचूकपणा, पट्टीची जागा, वाचायला सोपं आणि एकूण समाधान. प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण लिहायचे. खाली 'शेरा' आणि चार ओळी.

आत्याला चार ओळी पुरणार होत्या होय? तिनं फॉर्मला मागे कोरे कागद जोडले, मधे कार्बन घातला, म्हणजे एक प्रत घरी राहील. कारखान्यात दोन प्रती असायच्या. आणि मग तिनं लिहायला घेतलं.

'सोमवार, ६ वाजून ११ मि. पट्टी न्यायाधीशबाईंच्या तोंडावर बसली. काय बोललं गेलं ते कळलं, कोण बोललं ते कळलं नाही.'

'मंगळवार, ६.१९. कंसात "हशा" लिहिलंय. कशाबद्दल? मलाही सांगा की.'

'बुधवार, ६.३२. भांडण रंगात आलं आणि पट्टीवर "दोघे एकदम बोलतात" एवढंच. भांडणात दोघे एकदमच बोलतात. काय बोलतात ते बघायला मी बसले आहे.'

'गुरुवार, ६.४०. शिवी गाळली. मी सदुसष्ट वर्षांची आहे, मला चालते.'

'शुक्रवार, ६.५५. निकाल लागला तरी पट्टीवर आधीचा कुत्राच भुंकतो आहे. वरातीमागून घोडं. अकरा सेकंद.'

वरच्या पाच चौकटी तिनं कोऱ्या ठेवल्या. दोष खाली लिहिले, बाकीचं पास. चांगल्याला शाई कशाला?

फॉर्म पाकिटात जायच्या आधी वहिनी तो ओढून घ्यायची आणि तळाशी आपली भर घालायची. वहिनीचा पट्टीवर वेगळाच राग. 'याच घरातल्या दुसऱ्या प्रेक्षकाचं मत: पट्टी काढून टाका. भांडायला आलेल्यांच्या चपला दिसत नाहीत.' वहिनीच्या मते माणूस खोटं बोलतो, चपला बोलत नाहीत. टाच कुठल्या बाजूनं झिजली ते बघून ती निकालाच्या आधी निकाल द्यायची, आणि पट्टीमुळे तिचं न्यायालय बंद पडलं होतं. दादाचंही मत होतं, पण ते रात्रीच्या मालिकांबद्दल. त्या आधी तयार केलेल्या असतात, त्यामुळे पट्टी माणसाच्या आधीच बोलते. "म्हातारा अजून जिवंत असतो आणि खाली 'अरेरे, गेला' येतं," तो म्हणायचा. "मेल्याला मरायची तरी सवड द्या." पण लिहायचा कंटाळा, म्हणून त्याचं मत घरातच राहायचं.

असं वर्ष गेलं. बावन्न आठवडे, बावन्न फॉर्म. आत्या तापानं फणफणली होती त्या आठवड्यातसुद्धा फॉर्म गेला, फक्त अक्षर थोडं वाकडं होतं आणि त्याबद्दल तिनं स्वतःलाच शेरा मारला होता.

आणि मग पत्र आलं.

जाड कागद, वर चॅनेलचं चिन्ह. 'आपण वर्षभर सातत्यानं नोंदवलेल्या तीव्र असमाधानाचा आदर राखून, येत्या एक तारखेपासून सहाच्या कार्यक्रमाची थेट सबटायटल्स बंद करण्याचा आमचा विचार आहे. अंतिम निर्णय गुरुवारी दुपारी तीनच्या बैठकीत होईल. आपल्या मौल्यवान मताबद्दल आभार.'

आत्यानं पत्र तीनदा वाचलं. मग उलटं करून पाठीमागे काही आहे का ते बघितलं. मग वहिनीच्या हातात दिलं.

"झालं!" वहिनी म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण. घाला अजून कार्बन!"

आत्याला पट्टीच्या आधीचे दिवस आठवले. तेव्हाही ती सहा वाजता याच खुर्चीत बसायची. न्यायाधीशबाई मान फिरवायच्या, भांडणारे एकमेकांकडे तोंड करायचे, ओठ कुणाचेच धड दिसायचे नाहीत. दादा-वहिनी हसायचे, कपाळाला हात लावायचे, "काय बाई तरी!" म्हणायचे. जाहिरात लागली की दादा वळून सांगायचा, "काही नाही गं, कुत्र्यावरून आहे." तासाभराचं भांडण, आणि तिच्या वाट्याला दोन शब्द. मग ती सहा वाजायच्या आधीच आपल्या खोलीत जाऊन कपाट आवरायला लागली. वर्षभर रोज कपाट आवरलं तिनं. त्या घरात तेव्हा तिच्याइतकं नीट कपाट कुणाचं नव्हतं आणि तिच्याइतकं एकटंही कुणी नव्हतं.

"मी कपाट आवरायला परत जाणार नाही," ती म्हणाली.

वहिनीला संदर्भ कळायला वेळ लागला नाही. "गुरुवारी सकाळी जाऊ," ती म्हणाली. "मीही येते. तुमच्याशी बोलताना लोक तोंड फिरवतात. फिरवलं तर मी सरळ करीन."

चॅनेलची कचेरी चौथ्या मजल्यावर होती. निघताना दादानं दोघींना लिफ्टच्या दाराला टेकून उभं राहायचं नाही हे दोनदा बजावलं. त्याच्या हातून समाजाला एवढंच देण्यासारखं होतं आणि ते त्यानं दिलं. आत्याच्या पिशवीत बावन्न कार्बनप्रती, स्टॉपवॉच आणि वाचायचा चष्मा होता.

प्रेक्षक विभागाचा साहेब तिशीतला, टेबलावर प्लॅस्टिकचं झाड ठेवणारा. त्यानं दोघींना बसवलं, पाणी मागवलं आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत बोलायला सुरुवात केली. वहिनीनं टेबलावर चापट मारली.

"इकडे बघून बोला. वन्संना ओठ वाचता येतात, कानशील वाचता येत नाही."

साहेब दचकून वळला. "म्हणजे, मी म्हणत होतो की आकडे स्पष्ट आहेत. या कार्यक्रमाच्या सबटायटलांचं सरासरी समाधान दहापैकी शून्य आहे."

"बारा जणांचं?" आत्यानं विचारलं.

"अकरा जणांनी तिसऱ्या महिन्यात फॉर्म पाठवणं बंद केलं."

"मग सरासरी कुणाची काढलीत?"

साहेब जरा घुटमळला. "तुमची."

वहिनीनं आत्याकडे बघितलं. आत्या साहेबाकडे बघत होती.

"मी शून्य कधी दिलं?"

"बावन्न वेळा दिलंत. पाचही चौकटींत."

"मी काहीच दिलं नाही. चौकटी कोऱ्या आहेत."

"कोरं म्हणजे शून्यच ना. संगणक कोऱ्याला शून्य धरतो."

"तुमचा संगणक कारखान्यात पहिल्या दिवशी घरी गेला असता," आत्या म्हणाली. "कोरं म्हणजे पास. दोष असेल तर लिहायचा, नसेल तर माल पुढं. खाली लिहिलंय ना मी काय-काय चुकलं ते? बाकी सगळं पास. एवढं कळत नाही?"

साहेबानं दोन्ही हात पसरले. "आजी, जिला आवडतं ती बाई बावन्न आठवडे फक्त चुका कशाला लिहील?"

"न आवडणाऱ्या गोष्टीला बावन्न आठवडे कोण देईल?" आत्या म्हणाली. "मी काय रिकामटेकडी आहे?"

यावर साहेबाचा चेहरा असा झाला की कचेरीत याच प्रश्नावर आधी चर्चा झालेली दिसत होती.

तेवढ्यात दार उघडून एक चष्मेवाली बाई आत आली. गळ्यात हेडफोन, मनगटाला पट्टा बांधलेला. "दोषवाल्या बाई आल्यात म्हणे?" तिनं विचारलं, आणि आत्याला बघून थेट तिचा हातच धरला. ही पट्टी टाइप करणाऱ्या दोघींपैकी थोरली. साहेबाला न विचारता ती दोघींना आपल्या खोलीत घेऊन गेली.

खोली म्हणजे बोळच. दोन खुर्च्या, दोन कीबोर्ड, समोर एक टीव्ही. एकीनं वीस मिनिटं टाइप करायचं, मग दुसरीनं, कारण त्यापुढे बोटं आणि डोकं दोन्ही लटपटतात. आत्याला ते कळल्यावर बरं वाटलं. पण भिंत बघून ती थांबली. भिंतभर तिचे फॉर्म चिकटवले होते. तिचीच अक्षरं, ओळी-ओळींखाली लाल पेन्सिल, समोर बरोबरच्या खुणा.

टायपिस्ट तिच्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं बोलली. "बाकी लोक लिहितात 'छान', नाहीतर लिहितात 'बेकार'. त्याचं आम्ही काय करायचं? तुम्ही वेळ घालून लिहायचात. पट्टी बाईंच्या तोंडावरून हलवली ती तुमच्या सोमवारच्या शेऱ्यानंतर. दोघे एकदम बोलतात तेव्हा आता दोन ओळी देतो. अकरा सेकंदांवरून सातवर आलोय, तेसुद्धा तुमच्या नावानं बोटं मोडत." मग ती वहिनीकडे वळली. "आणि चपलांबद्दल कोण लिहितं?"

वहिनी भिंतीकडे बघायला लागली. "लिहितं कुणीतरी."

"भांडणारे उभे राहिले की आम्ही पट्टी वर नेतो. चार महिने झाले."

"तरीच," वहिनी म्हणाली. "मला वाटलं आमचा टीव्ही बिघडला."

"एवढं सगळं झालं तर साहेबांना सांगायचं नाही?" आत्यानं विचारलं.

"कसं सांगणार? आम्हालाही वाटत होतं, तुम्हाला काडीचं आवडत नाही."

आत्या भिंतीसमोर उभीच राहिली. आवडतं म्हणजे काय, रोज पावणेसहाला ती चष्मा पुसून तयार असायची. या दोन अनोळखी बायका तिच्यासाठी वर्षभर बोटं दुखवून घेत होत्या आणि तिनं त्यांना एक बरा शब्द पाठवला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. ती भावना तिला फारशी ओळखीची नव्हती, त्यामुळे ती थोडी चिडलीसुद्धा.

साहेबाच्या टेबलाशी परत आल्यावर तोड निघाली. फॉर्म जिचे, तिनंच दुरुस्ती करून दिली तर साहेब ती तीनच्या बैठकीत ठेवायला तयार होता. पण त्याला आकडे हवे होते. 'पास' चालणार नव्हतं, संगणक ते घेत नव्हता. आत्यानं बावन्न प्रती काढल्या, चष्मा चढवला आणि पेन उघडलं. बावन्न पंचे दोनशे साठ चौकटी.

"सगळीकडे दहा टाका," वहिनी म्हणाली. "एकची बस मिळेल."

"न बघता? न बघता बाटली पुढं सोडू?"

"बाटली नाहीये ती!"

आत्यानं पहिला फॉर्म वाचला. अकरा सेकंद. वेगाला तिनं दोन दिले. साहेबानं कपाळाला हात लावला. पण ती पुढं-पुढं जात राहिली, प्रत्येक शेरा वाचून, तो दिवस आठवून, आणि आकडे हळूहळू चढायला लागले. चार. पाच. सहा. पट्टी हलवली त्या आठवड्यात जागेला सात. दहा तिनं कुठंच दिले नाहीत, नऊही नाहीत. "नऊ कुणाला द्यायचे असतात?" साहेबानं कुतूहलानं विचारलं. "बघितले नाहीत अजून," आत्या म्हणाली.

एकची बस गेली. पस्तिसाव्या फॉर्मच्या आसपास वहिनीनं घड्याळाकडे बघायचं सोडलं. ती नुसती त्या पेनाकडे बघत बसली होती. मग तिनं आत्याच्या मनगटावर टकटक केली, म्हणजे आत्यानं वर बघावं.

"आणि मला किती?"

"कशाचे?"

"बावीस वर्षं ताट ठेवते तुमच्या पुढ्यात. मीठ जास्त पडलं की पहिल्या घासाला कळतं मला. नीट झालं तर तुम्ही ताट विसळता आणि उठता. मी रोज ओटा पुसताना त्या दिवसाचं शून्य धरत आले, वन्सं. बावीस वर्षं." वहिनीचा आवाज चढला होता, ते आत्याला ऐकू आलं नाही, पण साहेबानं एकदम प्लॅस्टिकच्या झाडावरची धूळ झटकायला घेतली.

आत्यानं पेन खाली ठेवलं.

"मीठ वर्षातून किती वेळा जास्त पडतं?"

"पडत असेल चार-पाचदा."

"मग बाकीचे तीनशे साठ दिवस मी काय म्हणत होते?"

"काहीच नाही! तेच सांगतेय ना!"

"तेच मी पण सांगतेय," आत्या म्हणाली. मग तिला कळलं की एवढ्यानं भागणार नाही. ती खुर्चीत सरळ बसली. "पास होतीस गं. रोज पास होतीस."

वहिनीचे डोळे भरले आणि राग काही गेला नाही, दोन्ही एकदम. "मग सांगायला जीभ झिजत होती का? इथं मी या साहेबासारखी बेरीज करत बसले!"

साहेबानं झाड जरा बाजूला सरकवलं.

आत्यानं पेन उचललं आणि समोरच्या फॉर्ममध्ये, 'पट्टीची जागा' या चौकटीत नऊ लिहिले. त्या आठवड्यात पट्टीची जागा काही नऊच्या लायकीची नव्हती. खाली शेऱ्यातच लिहिलं होतं की ती दोनदा साक्षीदाराच्या नाकावर बसली. एकतीस आणि एक अशा बत्तीस वर्षांत आत्यानं सोडलेला तो पहिला खराब माल. साहेबानं तो निमूट संगणकात भरला.

सरासरी सहा पूर्णांक एक आली. बैठक तीनला सुरू झाली आणि सव्वातीनला संपली, कारण सहा पूर्णांक एक असलेली गोष्ट बंद करायची का यावर कुणालाच भांडायचं नव्हतं. चार दिवसांनी पत्र आलं. सबटायटल्स चालू राहतील, मात्र प्रेक्षकांनी चौकटी कोऱ्या ठेवू नयेत. खाली हातानं लिहिलं होतं: 'पाच सेकंदांसाठी झटतो आहोत. बोटं मोडणं चालू आहे.'

एक तारखेला सहा वाजता तिघं आपापल्या खुर्चीत होती. त्या दिवशीचं भांडण पोपटाचं. एकाचा पोपट दुसऱ्याच्या दारावरच्या घंटीचा हुबेहूब आवाज काढायचा, आणि दुसरा बिचारा दिवसातून चाळीस वेळा दार उघडायला धावायचा. आत्याच्या मांडीवर नवा फॉर्म, एका हातात पेन, दुसऱ्यात स्टॉपवॉच. वेगाला सहा, जागेला सात असे कच्चे आकडे तिनं पेन्सिलीनं मांडून ठेवले होते.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी न्यायाधीशबाईंनी मालकाला विचारलं की पोपट एवढा हुशार आहे तर दार उघडायलाही त्यालाच का शिकवत नाही. बाईंचे ओठ हलताना आत्यानं बटण दाबलं. दादाचं पोट हललं, खुर्ची हलली, दादा डोळे पुसायला लागला. मग पट्टी उमटली, आत्यानं पुन्हा बटण दाबलं, तिला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी शेजारी वहिनीनं टाळी वाजवली.

आत्यानं घड्याळ बघितलं. सात सेकंद.

तिनं पुढच्या वेळी पडद्याकडे बघितलंच नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून वहिनीकडे बघितलं. बाई काहीतरी बोलल्या. दादा गदगदला. वहिनीचे गाल फुगले, ओठ घट्ट मिटले, खांदे थरथरले, दोन्ही तळहात हवेत तयार, आणि नजर पट्टीच्या रिकाम्या जागेवर. पाच. सहा. पट्टी आली आणि वहिनीनं सोडलं एकदाचं. आत्याला उशीर झाला, कारण ती वाचायची विसरली होती. मग तिनं वाचलं आणि तीही हसली.

ज्याला नीट ऐकू येतं त्यानं सात सेकंद उशिरा हसणं हा दोष होता. ढळढळीत दोष, वेळेसकट सापडलेला. आत्याचं पेन शेऱ्याच्या पहिल्या ओळीवर टेकलं. तिनं वहिनीकडे बघितलं. वहिनी पडद्याकडे बघत होती, अगदी निरागस चेहरा करून.

आत्यानं ती ओळ कोरी सोडली.